‘पास आउट’ : एका इंग्रजी क्रियापदाचा विचार

दरवर्षीं आपल्या वार्षिकांत माजी विद्यार्थ्यांची हकीकत येते. कोण नोकरीस लागला, कोण पुढील शिक्षणासाठीं मुंबईस गेला, कोणी गांवांत दुकान घातलें, हें सारें आपण आवडीनें वाचतों. या हकीकतींत ‘अमुक विद्यार्थी अमुक सालीं पास आउट झाला’ हें वाक्य इतक्या वेळां येतें कीं, त्यांत विचार करण्यासारखें कांहीं असेल अशी शंकाहि कोणास येत नाहीं. आम्हांसहि आली नव्हती. वर्गांत इंग्रजी शिकवितांना हें क्रियापद आम्हीं शेंकडों वेळां उच्चारलें असेल, फळ्यावर लिहिलें असेल, आणि कोणी अर्थ विचारलाच तर ‘शाळा किंवा कॉलेज पुरें करणें’ एवढें सांगून पुढील शब्दाकडे वळलों असूं. एका माजी विद्यार्थिनीच्या पत्रामुळें आमची ही निश्चिंती संपली.

ही मुलगी तलासरी तालुक्यांतल्या एका पाड्यावरची. घरांत वारली बोली, शाळेंत मराठी, बाजारांत गुजराती, आणि हमरस्त्यावरच्या ट्रकवाल्यांशीं हिंदी. म्हणजे इंग्रजी ही तिची पांचवी भाषा. तरीहि तिनें नेटानें अभ्यास केला, आणि ती शहरांतल्या एका रुग्णालयांत परिचारिकेचें शिक्षण घेऊं लागली. पहिल्याच वर्षीं एका रात्रपाळींत तिची नेमणूक अपघात विभागांत झाली. घरांत पडून डोक्यास मार लागलेल्या एका वृद्ध गृहस्थांस त्यांच्या मुलांनीं आणलें होतें. डॉक्टर दुसऱ्या रोग्याची जखम शिवत होते. त्यांनीं मान न वळवितां तिला विचारलें, ‘डिड ही पास आउट?’ तिनें पाहिलें, तों वृद्ध गृहस्थांस चाकांच्या खुर्चींत बसवून नुकतेंच क्ष-किरणांच्या खोलीकडे नेलें होतें. ‘पास’ म्हणजे जाणें, ‘आउट’ म्हणजे बाहेर. शाळेंतून पास आउट होणें म्हणजे शाळेबाहेर पडणें, हें तर तिला आम्हींच शिकविलेलें. तिनें लगेच उत्तर दिलें, ‘येस, डॉक्टर.’

डॉक्टरांनीं कागदावर नोंद केली कीं, रोगी बेशुद्ध झाला होता. त्या नोंदीवरून मेंदूची तपासणी तातडीनें करण्याचें ठरलें, धांवपळ उडाली, आणि बरोबर आलेले मुलगे घाबरून गेले. शेवटीं थोरला मुलगा म्हणाला कीं, बाबा क्षणभरहि बेशुद्ध नव्हते. ओल्या फरशीवरून पाय घसरला आणि पडल्या पडल्या त्यांनींच आम्हांस हांका मारल्या. नोंद खोडली गेली. कोणाचें कांहीं बिघडलें नाहीं. परंतु त्या मुलीस सर्वांदेखत बोलणीं खावीं लागलीं, आणि पुढें कित्येक दिवस इंग्रजी प्रश्न कानीं पडला कीं तिची जीभ टाळ्यास चिकटे. पत्राच्या अखेरीस तिनें लिहिलें होतें, ‘सर, चूक उलटी झाली असती तर? ते खरोखर बेशुद्ध झाले असते आणि मी नाहीं म्हटलें असतें तर?’

या प्रश्नास आमच्यापाशीं उत्तर नव्हतें. डोक्यास मार लागलेला मनुष्य मध्यंतरीं बेशुद्ध झाला होता कीं नाहीं, यावर वैद्याचे पुढचे निर्णय अवलंबून असतात. तेव्हां दोष कोणाचा याचा काथ्याकूट न करितां, जें आम्हीं वर्गांत अर्धवट शिकविलें तें येथें पुरें करावें, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

प्रथम या जातीच्या क्रियापदांविषयीं. इंग्रजींत ‘गेट’, ‘पुट’, ‘टेक’, ‘कम’, ‘पास’ यांसारखीं लहान क्रियापदें आहेत, आणि ‘अप’, ‘डाऊन’, ‘इन’, ‘आउट’, ‘ऑफ’ यांसारखीं त्यांहूनहि लहान अव्ययें आहेत. एकेकटीं घेतलीं तर पांचवीच्या मुलासहि तीं येतात. परंतु दोघांची जोडी जुळली म्हणजे त्यांतून तिसराच अर्थ निघतो, आणि तो त्या दोघांच्या बेरजेंत सांपडत नाहीं. ‘गिव्ह’ म्हणजे देणें, ‘अप’ म्हणजे वर. पण ‘गिव्ह अप’ म्हणजे वर देणें नव्हे, तर हात टेकणें किंवा सोडून देणें. सॅम्युएल जॉन्सन यानें १७५५ सालीं आपला प्रसिद्ध इंग्रजी कोश प्रसिद्ध केला, तेव्हां त्याच्या प्रस्तावनेंतहि या जोड्यांचा प्रश्न मांडला आहे. परकीयांस इंग्रजी भाषेंत सर्वांत जास्त अडचण यांचीच होते, असें तो सांगतो. या क्रियापदांस आज इंग्रजी व्याकरणांत जें ‘फ्रेझल व्हर्ब’ हें नांव आहे, तें त्या मानानें अगदीं अलीकडचें. लोगन पिअरसॉल स्मिथ या लेखकानें १९२५ सालच्या आपल्या पुस्तकांत तें वापरलें, आणि ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशाचे एक संपादक हेन्री ब्रॅडली यांनीं तें सुचविल्याचें त्यानेंच नमूद केलें आहे. म्हणजे वस्तु शेंकडों वर्षांची आणि बारसें कालचें.

ही इंग्रजांचीच कांहींतरी खोड आहे, असें मात्र कोणी समजूं नये. आपल्या मराठींत काय कमी आहे? ‘बसून बोललों’ आणि ‘बोलून बसलों’ हीं दोन वाक्यें शेजारीं ठेवून पाहा. पहिल्यांत मनुष्य खरोखर बसलेला आहे. दुसऱ्यांत तो उभा असेल, चालत असेल; बसला आहे तो केवळ पश्चात्ताप. ‘पैसे देऊन टाक’ असें आईनें सांगितलें तर कोणी पैसे देऊन ते जमिनीवर फेंकीत नाहीं. आणि ‘लागणें’ हें एकच क्रियापद घ्या. भूक लागते, ठेंच लागते, आग लागते, नाद लागतो, नोकरी लागते, निकाल लागतो, वाटेंत नदी लागते, मूल रडूं लागतें, मला जावें लागतें. मोल्सवर्थसाहेबानें मराठी शब्दांचा कोश प्रथम १८३१ सालीं आणि वाढवून १८५७ सालीं काढला. परदेशांतून येऊन या एका ‘लागणें’शीं झगडतांना त्याची काय दशा झाली असेल, याची कल्पना करून पाहावी. आपल्या पाड्यांवरील मुलें शाळेच्या मराठींत प्रथम आलीं म्हणजे तींहि याच ठिकाणीं अडखळतात. मग तीं ‘पास आउट’पाशीं अडखळलीं तर त्यांत नवल तें काय?

आतां मूळ विषयाकडे वळूं. ‘पास’ हा शब्द इंग्रजींत फ्रेंचमधून आला, आणि त्याच्या मुळाशीं ‘पाऊल’ या अर्थाचा एक लॅटिन शब्द आहे. म्हणजे पास होणें याचा मूळ अर्थ पाऊल टाकून पुढें जाणें. परीक्षेंत पास होणें, रेल्वेचा पास काढणें, चेंडू पास करणें, या साऱ्यांत पुढें जाण्याची किंवा जाऊं देण्याची कल्पना आहे. २०१३ सालीं मुंबईची लोकल डहाणूपर्यंत येऊं लागली, तेव्हांपासून आपल्याकडील कित्येक विद्यार्थ्यांच्या खिशांत तो पास असतोच. (हिंदींतला ‘पास’, म्हणजे जवळ, हा मात्र अगदीं निराळा, तो आणि आपलें ‘पाशीं’ हे दोन्ही संस्कृत ‘पार्श्व’ शब्दाचे वंशज आहेत.) मराठीनें इंग्रजी ‘पास’ इतका आपलासा केला कीं, त्यास फारसींतून आलेला ‘ना’ जोडून ‘नापास’ हा शब्द घडविला. इंग्रजी अंग आणि फारसी टोपी असा हा शब्द. पण निकालाच्या दिवशीं तो ऐकून कोणास हंसूं येत नाहीं, एवढेंच.

‘पास’ला ‘आउट’ जोडल्यावर जे अर्थ निघतात, त्यांतला आज इंग्लंड-अमेरिकेंत सर्वांत रूढ अर्थ म्हणजे शुद्ध हरपणें, भोंवळ येऊन पडणें. हा अर्थ फार जुना नाहीं. विसाव्या शतकाच्या आरंभीं तो बोलण्यांत आला. मोल्सवर्थनें आरंभिलेला आणि कँडीसाहेबानें पुरा केलेला इंग्रजी-मराठी कोश १८४७ सालचा. त्यांत हा अर्थ शोधूं जाणें व्यर्थ होय. उन्हांत फार वेळ उभें राहिल्यानें, उपाशी पोटीं, रक्त पाहून, अति वेदनेनें किंवा दारू फार प्याल्यानें माणसाची शुद्ध जाते, त्या सर्व ठिकाणीं इंग्रज मनुष्य बोलतांना हें क्रियापद वापरतो. ‘शी पास्ड आउट इन द हीट’ म्हणजे उन्हानें तिला घेरी आली. येथें ‘आउट’ म्हणजे कोणत्याहि दारांतून बाहेर नव्हे. हा अर्थ लक्षांत ठेवण्याची एक युक्ति आम्ही सांगतों. दिवा विझला हें सांगण्यासाठीं इंग्रज म्हणतो, ‘द लाइट वेंट आउट’. आपणहि ‘वीज गेली’ म्हणतों, ‘दिवा गेला’ म्हणतों, आणि तसेंच ‘त्याची शुद्ध गेली’ म्हणतों. दोन्ही भाषांत शुद्ध ही दिव्यासारखी जाते. मराठींत तर यासाठीं शब्दांची केवढी श्रीमंती आहे! भोंवळ, घेरी, चक्कर, मूर्च्छा, झीट. डोळ्यांपुढें अंधारी येणें, भान हरपणें. चक्कर येऊनहि मनुष्य शुद्धीवर असूं शकतो, हेंहि ध्यानांत असावें. ‘पास आउट’ म्हणजे शुद्ध जाणेंच, नुसती चक्कर नव्हे.

हें क्रियापद बोलण्यांतलें आहे, लिहिण्यांतलें नाहीं. डॉक्टर रोग्यास किंवा परिचारिकेस विचारतांना ‘पास आउट’ म्हणतील. परंतु कागदावर ते ‘लॉस ऑफ कॉन्शसनेस’ असें लिहितील, आणि पुस्तकी इंग्रजींत ‘फेंट’ हें क्रियापद येईल. आपल्या मुलीचा घोटाळा झाला तो येथेंच. पुस्तकांतले दोन्ही शब्द तिला पाठ होते. जो शब्द कानावर पडणार होता, तो मात्र पुस्तकांत नव्हता. आणि वर्गांत होता तो भलत्याच अर्थानें. आपल्या जुन्या शिक्षणपद्धतींत तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेनें पिढ्यान्‌पिढ्या मुलांस इंग्रजी लिहितें केलें. तो उपकार आम्ही विसरत नाहीं. पण घाईंत विचारलेला प्रश्न समजण्याचें शिक्षण पाठमालेनें मिळत नाहीं, आणि वर्गांत तें देण्याचें काम आमचें होतें.

दुसरा अर्थ लष्करी आहे. सैन्यांतील किंवा पोलिसांतील उमेदवार शिक्षण पुरें करून बाहेर पडतात, तेव्हां जें संचलन होतें त्यास ‘पासिंग आउट परेड’ म्हणतात. मराठींत यास ‘दीक्षान्त संचलन’ असें नांव रूढ झालें आहे. नाशिकच्या महाराष्ट्र पोलीस अकादमीच्या बातम्यांत तें नेहमीं येतें. डेहराडूनची इंडियन मिलिटरी अकॅडमी १९३२ सालीं सुरू झाली, आणि तिची चाळीस जणांची पहिली तुकडी १९३४ सालच्या डिसेंबर महिन्यांत बाहेर पडली. पुढें फील्ड मार्शल झालेले सॅम माणेकशा याच तुकडींतले. तेथें संचलनाच्या शेवटीं छात्र जी रेषा ओलांडतात तिला ‘अंतिम पग’ म्हणतात. पलीकडे पाऊल पडलें कीं छात्राचा अधिकारी झाला. ‘पास’ शब्दाच्या पोटांत मुळांत पाऊलच दडलेलें आहे, हें आम्हीं वर सांगितलें. ज्यांनीं ‘अंतिम पग’ हें नांव दिलें त्यांच्या मनांत ही व्युत्पत्ति असेल असें आम्हांस वाटत नाहीं. तरी योग मोठा सुंदर जुळला आहे. खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनींतहि असेंच संचलन होतें. आपल्यापैकीं ज्यांस त्या मार्गानें जावयाचें असेल त्यांनीं या अर्थीं ‘पास आउट’ खुशाल म्हणावें. या अर्थीं इंग्लंडांतहि तें शुद्धच आहे.

तिसरा अर्थ वांटणें. ‘पास आउट द पेपर्स’ म्हणजे उत्तरपत्रिका वांट. हा प्रकार अमेरिकेंत अधिक. इंग्रज बहुधा ‘हँड आउट’ किंवा ‘गिव्ह आउट’ म्हणतो. याविषयीं अधिक लिहिण्याचें कारण नाहीं.

आणि चौथा अर्थ आपला. शाळा किंवा कॉलेज पुरें करून बाहेर पडणें, या अर्थीं ‘आय पास्ड आउट इन २०१९’ असें वाक्य हिंदुस्थानांत सर्वत्र चालतें. नोकरीच्या जाहिरातींत चालतें, अर्जांत चालतें, आणि ‘२०१९ चा पासआउट’ असें नामहि त्यापासून तयार झालें आहे. लंडनच्या मनुष्यास मात्र तें वाक्य ‘२०१९ सालीं मला मूर्च्छा आली’ असें ऐकूं येतें, आणि तो सौजन्यानें विचारतो, ‘आतां बरें आहे ना?’

हें आलें कोठून? कोणी म्हणतात, लष्करी ‘पासिंग आउट’वरून. तसें असेल. परंतु आमचा तर्क थोडा निराळा आहे. मराठींत आपण काय म्हणतों? ‘तो आमच्या शाळेंतून नव्वद सालीं बाहेर पडला.’ येथें ‘बाहेर’ आहे आणि ‘पडणें’ आहे, पण पडलें कोणीहि नाहीं. हेंहि एक जोडक्रियापदच झालें! हिंदींतहि कॉलेजांतून ‘निकलना’ आहे. मनांत ‘बाहेर पडला’ आणि जिभेवर परीक्षेचा ‘पास’, अशा अवस्थेंत आपल्या आजोबांच्या पिढीस ‘पास आउट’ हा शब्द मिळाला, तेव्हां तो घरचाच वाटला असावा. आपली जुनी म्हण नव्या शब्दांत बसली, आणि मग ती कोणास परकी वाटेनाशी झाली.

यास चूक म्हणावयाचें कीं नाहीं? आमचे कांहीं सहकारी म्हणतील, चूक ती चूक. फळ्यावरून पुसून टाका. आम्हांस तें मान्य नाहीं. आपण सीमेवर राहणारीं माणसें आहों. १९६० सालीं महाराष्ट्र आणि गुजरात हीं राज्यें वेगळीं झालीं तेव्हां जुना उंबरगांव तालुका दुभंगला. उंबरगांव गुजरातेंत गेलें आणि तलासरी महाराष्ट्रांत राहिली. अच्छाडच्या पुढें गेलें कीं पाट्यांची लिपी बदलते. एकच शब्द दोन ठिकाणीं दोन अर्थांचा असूं शकतो, हें आपणांस कोणी शिकवावयास नको. मराठींत ‘शिक्षा’ म्हणजे दंड, आणि हिंदींत तीच ‘शिक्षा’ म्हणजे विद्या. मराठींत राजीनामा दिला कीं नोकरी संपते; हिंदींत राजीनामा झाला कीं भांडण मिटतें. यांत कोणती भाषा चुकली? तसेंच कोट्यवधि लोक जो शब्द एका अर्थानें वापरतात आणि ज्याचा अर्थ परस्परांस बिनचूक कळतो, त्यास त्या लोकांपुरता चुकीचा म्हणतां येत नाहीं. ‘पोस्टपोन’च्या उलट म्हणून आपल्याकडे ‘प्रीपोन’ रूढ झालें. त्यास आम्ही लहानपणीं छड्या खाल्ल्या, आणि आज तें इंग्रजांच्याच कोशांत जाऊन बसलें आहे. म्हणून विरारपासून वापीपर्यंत ‘पास आउट’ म्हणा, कोणी अडविणार नाहीं. परंतु ऐकणारा दूर देशींचा असेल, किंवा ठिकाण रुग्णालयाचें असेल, तर शब्द बदलला पाहिजे. आणि मुख्य म्हणजे दुसरा अर्थ ठाऊक पाहिजे.

मग त्या ठिकाणीं काय म्हणावें? कॉलेजची पदवी घेतली असेल तर ‘आय ग्रॅज्युएटेड इन’ आणि मग साल. शाळेविषयीं अमेरिकेंत हेंच चालतें. सर्वत्र चालेल असें साधें वाक्य म्हणजे ‘आय फिनिश्ड स्कूल इन’ आणि साल. इंग्लंडांत ‘आय लेफ्ट स्कूल’ असेंहि म्हणतात, आणि येथें आपली पुन्हां एकदां फजिती होण्याचा संभव आहे. तें ऐकून आपल्याकडील मनुष्य समजेल कीं, यानें शाळा अर्ध्यावर सोडली. मौज पाहा! दहावी उत्तम गुणांनीं पुरी केलेल्या मुलासहि आपण जो कागद देतों त्याचें नांव ‘शाळा सोडल्याचा दाखला’ असेंच आहे. आणि खरोखर शाळा सोडणाऱ्यासाठीं इंग्रजींत आणखी एक ‘आउट’ आहे: ‘ड्रॉप आउट’. आपल्या तालुक्यांत दिवाळीनंतर कुटुंबेंच्या कुटुंबें वीटभट्ट्यांवर कामास जातात. त्यांच्याबरोबर मुलेंहि जातात, आणि त्यांतलीं कांहीं पुन्हां वर्गांत दिसत नाहींत. हजेरीपटावर त्यांच्या नांवापुढें जो शेरा पडतो तो या दुसऱ्या ‘आउट’चा. दोन्ही मुलें शाळेच्या एकाच फाटकांतून बाहेर पडतात. पण एकास एक क्रियापद आणि दुसऱ्यास दुसरें. मराठींत पहिल्यासाठीं ‘उत्तीर्ण’ हा शब्द आहे. ‘उत्‌’ आणि ‘तॄ’ मिळून तो झाला. अर्थ, पाणी तरून पैलतीरास लागलेला. श्रावणांत भरलेला ओढा ओलांडून, दप्तर डोक्यावर घेऊन वर्गांत येणारीं मुलें आम्हीं पाहिलीं आहेत. त्यांच्या गुणपत्रिकेवर हा शब्द लिहितांना तो आम्हांस नुसता शिक्का वाटत नाहीं.

व्याकरणाच्या दोन गोष्टी सांगितल्यावांचून पुढें जातां येत नाहीं. शुद्ध जाणें आणि शिक्षण पुरें करणें या दोन्ही अर्थीं हें क्रियापद अकर्मक आहे. म्हणून ‘आय वॉज पास्ड आउट’ किंवा ‘आय अॅम पास्ड आउट फ्रॉम’ हीं जीं वाक्यें आमच्या हातीं येणाऱ्या अर्जांत दिसतात, तीं हिंदुस्थानी अर्थानेंहि बरोबर नाहींत. ‘आय पास्ड आउट’ एवढेंच पुरे. वांटण्याच्या अर्थीं तें सकर्मक होतें, आणि तेथें कर्म सर्वनाम असेल तर तें दोहोंच्या मध्येंच आलें पाहिजे: ‘पास देम आउट’. ‘पास आउट देम’ म्हणूं नये. नाम असेल तर आधीं किंवा मागून, कसेंहि चालेल. बोलतांना जोर ‘पास’वर नव्हे, ‘आउट’वर द्यावा, डॉक्टरांच्या प्रश्नांतहि जोर तेथेंच होता.

याच घराण्यांतल्या दुसऱ्या क्रियापदांशीं गल्लत करूं नये, हेंहि सांगितलें पाहिजे. ‘पास अवे’ म्हणजे निवर्तणें. एका मुलानें निबंधांत आपले आजोबा उन्हांत भोंवळ येऊन पडल्याचें लिहितांना ‘पास्ड अवे’ लिहिलें, आणि पुढल्याच ओळींत त्यांस लिंबाचें सरबत पाजलें. ‘पास ऑन’ म्हणजे निरोप पुढें पोंचविणें. पण कांहीं वेळां सौम्यपणें सांगतांना तेंहि मृत्यूविषयींच असतें. ‘पास अप’ म्हणजे आलेली संधि दवडणें. एकेक अक्षरानें माणूस बेशुद्ध होतो, मरतो किंवा नोकरी घालवितो! म्हणून हीं क्रियापदें यादी करून पाठ करण्यापेक्षां, ऐकलेलें वाक्य जसेंच्या तसें वहींत उतरून, कोणी, कोणास, कोठें म्हटलें, हें शेजारीं लिहून ठेवावें. आमच्या त्या विद्यार्थिनीनें अशीच वही केली आहे. तिच्यांत रुग्णालयांत ऐकलेलीं वाक्यें आहेत. त्यांतलीं कांहीं आम्हांसहि नवीन होतीं. उदाहरणार्थ, ‘हाऊ लाँग वॉज ही आउट?’ यांत क्रियापदाचा ‘पास’ गळून गेला आहे आणि एकटा ‘आउट’ राहिला आहे. अर्थ, तो किती वेळ बेशुद्ध होता? आणि ‘ही केम राउंड’ म्हणजे तो गोल फिरून आला नव्हे, तर शुद्धीवर आला. आतां ती तिसऱ्या वर्षांत आहे, आणि नव्या मुलींस रात्रपाळीपूर्वीं हीं वाक्यें तीच सांगते, असें तिच्या अलीकडच्या पत्रावरून समजलें.

अभ्यासासाठीं कांहीं वाक्यें देतों. तीं इंग्रजींत करावीं, आणि प्रत्येक ठिकाणीं ऐकणारा कोण आहे तें आधीं ठरवावें. ध्वजवंदनाच्या वेळीं रांगेंतल्या एका मुलीस घेरी आली. तिनें सकाळपासून कांहीं खाल्लें नव्हतें. तिला सावलींत आडवें निजवून पाय थोडे उंच केले, तेव्हां ती लवकरच शुद्धीवर आली. माझा भाऊ डहाणूच्या कॉलेजांतून गेल्या वर्षीं बाहेर पडला. (हें वाक्य दोनदां करावें, एकदां पालघरच्या कचेरींतल्या साहेबांसाठीं आणि एकदां परदेशांतल्या कंपनीसाठीं.) त्या मुलानें सातवींत शाळा सोडली, त्याच्या बहिणीनें मात्र दहावी पुरी केली. गुरुजींनीं वह्या मागितल्या आणि त्या वांटून टाकल्या. येथें ‘टाकल्या’चें भाषांतर करूं नये, हें सांगावयास नकोच. आणि शेवटचें वाक्य: ‘पडल्यावर त्यांची शुद्ध गेली होती का?’ याचीं दोन भाषांतरें हवीं आहेत. एक तोंडानें विचारण्याचें, दुसरें कागदावर लिहिण्याचें. ज्यांस उत्तरें तपासून हवीं असतील त्यांनीं वही मधल्या सुटींत आमच्याकडे आणावी.